रविवारबद्दल काही लिहिणार नाही

अमळनेर,
आखाजीचा दुसरा दिवस

चि. पिंकी हिस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर मी चार वेळा लावला. ते तुला दिसलं असेलच. आता लावत नाही. फोनवर माझा आवाज चढतो, आणि व्हॉट्सॲपवर लिहावं तर त्या निळ्या खुणांची वाट बघण्यात रात्र जाते. म्हणून कागद घेतला. जुन्या डायरीची पानं आहेत, खाली हप्त्यांचं कोष्टक छापलेलं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

एक आधीच सांगून टाकतो. रविवारी तू पुण्यात लोकांपुढे तुझ्या कादंबरीबद्दल बोलणार आहेस, त्या रविवारबद्दल मी काही लिहिणार नाही. तू 'येऊ नका' म्हणालीस, मी 'बरं' म्हणालो, विषय संपला.

आता कबुली. पुस्तक छापायला तू लोकांकडून आधी पैसे जमवतेयस, त्यात मी सांगून भरायला लावलेले तू अकरा जण ओळखलेस, पण ते चौदा होते. सगळ्यांचे पाचशे-पाचशे, सगळे मंगळवारी सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान, आणि एका शहाण्यानं निरोपाच्या रकान्यात लिहून ठेवलं, 'आप्पांच्या सांगण्यावरून'. तिथंच घात झाला. दहा जणांनी आपल्या खिशातून दिले, आईशप्पथ. उरलेल्या चौघांचे दोन हजार मी रोख दिले आणि वरच्या मजल्यावरच्या पोरानं फोनवरून भरले. आईला हे माहीत नाही. म्हणजे काल कळलं.

'आप्पा, तुम्ही माझा बचतगट करून टाकलात,' असं तू म्हणालीस. मला हसू आलं. त्या हसण्याचा तुला जास्त राग आला, आणि तो बरोबरच होता. आई सांजोऱ्या तळत होती, तिथूनच म्हणाली, सणाच्या दिवशी पोरीला रडवलंत ना. मी बाहेर जाऊन बसलो. समोरच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगला होता. ते बोलवत होते, गेलो नाही.

पण पिंके, तुझा तो नियम मला झोपू देत नाही. चाळीस दिवसांत अडीच लाख पुरे झाले तर तुझे, आणि हजार रुपयेही कमी पडले तरी सगळे ज्याचे त्याला परत! असा धंदा कुणी करतं का? सत्तावीस दिवसांत एक लाख चार हजार झालेत. मी आकडा बघत नाही. सकाळी एकदा बघतो, आणि दुपारी जेवण झाल्यावर. हजार प्रती, चारशे वीस पानं, तो घडीचा रंगीत नकाशा, मुखपृष्ठ करणाऱ्या मुलीचे पैसे, हे सगळं तू नीट मांडलंयस. टपाल मात्र कमी धरलंयस. एवढं पुस्तक अर्ध्या किलोच्या वर जाईल, बघ तोलून.

लोकांकडून आधी पैसे घेऊन काही उभं करण्यात कमीपणा आहे असं तुला वाटतं का? वाटत असेल तर काढून टाक. ज्ञानकोशासाठी केतकरांनी लिमिटेड कंपनी काढली होती. आणि अमळनेरच्या माणसाला तर हे कुणी शिकवायलाच नको. १९४५ साली इथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचे शेअर गावातल्या लोकांनी घेतले. त्यांतल्या कितींना ताळेबंद वाचता येत होता? समोर बसलेला माणूस ओळखीचा होता म्हणून घेतले. ती कंपनी आज विप्रो आहे. आपल्या दारातही एक जण येऊन बसला होता. तुझे आजोबा म्हणाले, कागद काय चाटायचेत? त्याचं पुढं काय झालं ते आपल्या घरात दर दिवाळीला निघतंच.

तू म्हणशील, आप्पा, ते तूप होतं, हे पुस्तक आहे. बरं.

ऐक तरी. चौतीस वर्षं मी दारं वाजवली. विमा हीसुद्धा दिसत नसलेलीच वस्तू, पिंके. माणूस आज हप्ता भरतो आणि ज्याच्यासाठी भरतो ते बघायला तो स्वतः नसतो. तुझं पुस्तक निदान हातात तरी येईल. पहिल्या भेटीत पॉलिसीचं नाव काढायचं नाही. पाणी दिलं तर प्यायचं, चहा दिला तर अर्धा कप. 'बघू' म्हणणाऱ्याकडे तिसऱ्यांदा जायचं, 'नाही' म्हणणाऱ्याला लग्नपत्रिका पाठवायची. आणि बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघायचं, चपलांकडे नाही. रविवारी तू समोर बघणार नाहीस, मला माहीत आहे. निदान मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. बोलायच्या आधी पाणी पी, आणि पहिलं वाक्य पाठ कर. एकच वाक्य. एकदा घसा मोकळा झाला की

बघ, झालो सुरू. माफ कर. खोडत नाही, खोडलं की कागद घाण होतो.

तू पाठवलेली फाइल मी झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली. आठशे चाळीस रुपये झाले. त्यानं विचारलं, कुणाचा खटला? म्हटलं, माझ्या मुलीची कादंबरी. तो म्हणाला, एवढी? मला वाचायला एकोणीस दिवस लागले. तुझ्या त्या तीन राज्यांची नावं माझी अजून उलटसुलट होतात, म्हणून नकाशा वेगळा काढून देवघराच्या दाराला टाचणीनं लावलाय. आई देवाआधी नकाशा पुसते.

आता त्या चौदा जणांबद्दल जे काल सांगायचं राहिलं ते सांगतो. पहिल्या तिघांना मी तुझ्या पानावरचंच वाचून दाखवलं, 'अद्भुतरम्य महाकादंबरी'. तिघांनी एकच विचारलं, भुताची आहे का? पुढं मी ते सोडलं. चौथ्याला म्हटलं, आपल्या सातपुड्याचीच गोष्ट आहे, नावं तेवढी वेगळी. एक म्हातारा घरोघरी तेल मागत फिरतो. का मागतो ते कुणी विचारत नाही, आणि एक पोरगी आहे, बोलता न येणारी, ती विचारते. एवढंच बोललो. तो माणूस पारोळ्याला कापसाच्या व्यापारात, आयुष्यात पंचांगाशिवाय काही वाचलेलं नाही. तो पुढं सरकून बसला. म्हणाला, हा तर अस्तंब्याचा अश्वत्थामा. धडगावकडच्या त्या दिवाळीच्या यात्रेला तो तरणा असताना डोंगर चढून गेलेला. त्याची आजी म्हणे रात्री उंबऱ्यापाशी वाटीत तेल ठेवायची, कपाळाच्या जखमेला लागतं म्हणून. सकाळी वाटी रिकामी असायची. मांजर पीत असेल, असं आता वाटतं म्हणाला, पण तेव्हा नव्हतं वाटत. मग त्यानं स्वतःच विचारलं, त्या पोरीला उत्तर मिळतं का? मी सांगितलं नाही. पुस्तक घ्या म्हटलं.

हा माणूस वाचक नाही, तर मग वाचक कोण, सांग मला. तू 'पॉलिसीवाले' म्हणालीस त्यातला तो एक. आणि 'आप्पांच्या सांगण्यावरून' लिहिणाराही तोच.

तेव्हा रविवारी एवढंच सांग. 'महा' नको, 'अद्भुत' नको. म्हातारा, तेल, पोरगी. दोन मिनिटांत खाली बसता येईल.

तू सातवीत असतानाचं गॅदरिंग तुला आठवतं का, हे मी कधी विचारलं नाही. मला रोज आठवतं असं नाही, पण या महिन्यात रोज आठवलं. निळा फ्रॉक, वेणीला पांढरी रिबीन. तू माईकपुढे उभी राहिलीस आणि तोंड उघडलंस, आवाज आला नाही. तू माईकच्या वायरचा बोटाला वेढा घालत होतीस, सोडत होतीस, पुन्हा घालत होतीस. सगळे थांबले होते. बाईसुद्धा थांबल्या होत्या. आणि मी पाचव्या रांगेतून ओरडलो, 'बोल ना गं!' सगळा मांडव हसला. तू खाली उतरलीस आणि घरापर्यंत माझ्या पुढं चालत आलीस. त्या रात्री मोठी माय मला म्हणाली, 'नही बोलनी ते काय व्हयनं? ती समदं आयकस.' मी तिला म्हटलं, ऐकून पोट भरत नाही.

मोठ्या मायचं सगळं तुझ्या पुस्तकात आहे. कानबाईच्या रोटांसाठी ती माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू काढायची, आणि तुझ्या त्या किल्ल्यातली म्हातारी तशाच मुठी मोजते, मेलेल्यांच्या नावानंसुद्धा. तिथं मी वाचायचं थांबवलं आणि दोन दिवस पुढं गेलो नाही. आम्हाला वाटायचं तू कोपऱ्यात बसून चित्रं काढतेस. लोक म्हणायचे, पोरगी घुमी आहे. मीही म्हणायचो, पाहुण्यांसमोर, तू दाराआड आहेस हे माहीत असताना.

दोन वर्षांपूर्वी तुला म्हटलं होतं, हा पुस्तकाचा नाद सोड. आता ते परत घेतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इथं प्रताप कॉलेजवर साहित्य संमेलन झालं, बहात्तर वर्षांनी अमळनेरला आलेलं, तेव्हा तू मुद्दाम रजा काढून आली होतीस. एका प्रकाशकाच्या स्टॉलपुढे तू तास-दीड तास उभी होतीस. पाठीवरच्या सॅकमध्ये पहिली पन्नास पानं होती, हे मला नंतर कळलं. तू पुस्तकं उचलत होतीस, ठेवत होतीस, त्या माणसाकडे दुसरं कुणी आलं की बाजूला सरत होतीस. मी रसवंतीपाशी उभा राहून बघत होतो. या वेळी ओरडलो नाही. पण पुढंही आलो नाही. घरी येताना तू चार पुस्तकं विकत घेतली होतीस. नंतर तू त्यांनाच फाइल पाठवलीस आणि सात महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, ते राहू दे.

बहिणाबाईंचं तुला मी लहानपणी फार सांगायचो, आसोद्याच्या, लिहिता न येणाऱ्या, घरोटावर बसून गाणाऱ्या. आता वाटतं, गोष्ट अर्धीच सांगितली. त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात, आणि पुस्तक निघालं १९५२ ला. त्यांना कुणापुढं उभं राहून बोलावं लागलं नाही, हे खरं. पण छापलेलं हातातही आलं नाही. तुझं यावं. तू जिवंत असताना, आणि जमलं तर मीही असताना. शुगर ठीक आहे, त्यावरून काही शोधू नकोस. डॉक्टरांनी गोळी बदलली एवढंच.

आणि नाहीच झाले अडीच लाख, तर? मी हे लिहिणार नव्हतो. नाही झाले तर सगळ्यांना दिसेल की नाही झाले, तो आकडा तिथंच राहील, याचीच मला धास्ती आहे. पैसे माझ्याकडे आहेत. एक पॉलिसी ऑगस्टमध्ये पिकते. पण तू घेणार नाहीस, आणि घेऊही नकोस, म्हणजे घे, पण चिडू नकोस. हे वाक्य नीट झालं नाही. आई म्हणते, पुरे आता, पोरगी पत्र वाचेल की पुस्तक विकेल.

शनिवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं माझं तिकीट काढलेलं होतं, पुण्याचं. मागच्या रांगेत बसणार होतो, तुला कळू न देता. आज सकाळी रद्द केलं. एकशे ऐंशी रुपये कापले. त्याच गाडीनं सांजोऱ्यांचा डबा येतोय. क्लीनर स्वारगेटला देईल, नंबर आई पाठवेल. लवकर जा, मागच्या वेळी डबा तसाच पुढं कात्रजला गेला होता. लोणच्याची बरणी वेगळी आहे, उभी धर.

झोका बांधला नाही या वर्षी. घागर भरली, वर डांगर ठेवलं, मोठ्या मायचं नाव घेतलं.

मी रविवारी आलो असतो तर शेवटी हात वर करून एक प्रश्न विचारणार होतो. तोही ठरवून ठेवला होता, म्हणजे तुला बोलायला सोपं जावं. आता लिहूनच विचारतो. तुझा तो तेल मागणारा म्हातारा, त्याच्या पिशवीची चेन तुटलेली आहे आणि तो ती सुतळीनं बांधतो. माझी काळी बॅग तशीच होती, ते वाचून मी आईला हाक मारली. पण मग त्या पोरीचा बाप तिसऱ्याच प्रकरणात का मेला? चांगला होता गं तो. जरा जास्त बोलायचा, एवढंच.

कळव.

तुझा,
आप्पा