पंकच्या आधीचा राग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडवरील लेख वाचला. लेखकाने श्रम घेतले आहेत, यात शंका नाही. मात्र १९७७ साली पंक मंडळींच्या, म्हणजे संतप्त, ओबडधोबड रॉक वाजवणाऱ्या नव्या पिढीच्या, धसक्याने या बँडने स्वप्नाळूपणा टाकून कडवट सूर लावला, हे विधान पटण्याजोगे नाही. ज्या ‘अ‍ॅनिमल्स’ या अल्बमच्या आधारे ते हे सांगतात, त्यातील तीन दीर्घ गाण्यांपैकी कुत्र्यांचे आणि मेंढ्यांचे अशी दोन गाणी १९७४ मध्येच निराळ्या नावांनी व बऱ्याच निराळ्या शब्दांत मैफलींतून वाजत होती. बँडचे बासवादक व गीतकार रॉजर वॉटर्स यांनी शब्द पुढे बदलले आणि जनावरेही तेव्हाच आली. जन्माला न आलेल्या शत्रूचा धसका घेणारा हा जगातील पहिलाच बँड असावा!

कारण शोधायचे तर लेखणी कोणाच्या हाती होती, ते पाहावे. १९६८ मध्ये सुरुवातीचे गीतकार-गायक सिड बॅरेट बँड सोडून गेले आणि बुजगावण्याची, सायकलची बालिश-गूढ गाणी त्यांच्याबरोबर गेली. १९७३ पासून शब्दांवर वॉटर्स यांचा एकहाती ताबा आला आणि १९८३ च्या ‘द फायनल कट’ या अल्बममध्ये, युद्धात मारल्या गेलेल्या वडिलांच्या आठवणीपुढे, वाद्यांना फारसे बोलायला उरलेच नाही. त्या ध्वनिमुद्रणात कीबोर्डवादक रिचर्ड राइट नव्हते, याबद्दल लेखात चकार शब्द नाही. कीबोर्डवाला नसल्याने आवाज बदलतो, हे आमच्या गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रालाही ठाऊक असते.

याची चीड येण्यास कारण आहे. काही वर्षांपूर्वी येथील एका मंडळात मी याच विषयावर श्रवणाचा कार्यक्रम केला होता. कुत्र्यांचे ते सतरा मिनिटांचे गाणे लावले. त्याच्या मध्यावर गायन थांबते, शेवटचा शब्द कितीतरी वेळ घुमत राहतो आणि सिंथेसायझरमागून भुंकणे ऐकू येऊ लागते. नेमके तेथेच कार्यवाहांनी उठून यंत्र बंद केले. “गाणं संपलंय हो, आता नुसता आवाज आहे. चहा निवतोय.” उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित ख्यालाचा अभिमान मिरवणाऱ्या इंदूरमध्ये हे घडले! विशेष म्हणजे पुढच्याच महिन्यात त्याच कार्यवाहांनी तीन तासांची नाट्यगीते ठेवली आणि चहा मध्यंतरापर्यंत थांबू शकला. आपले लेखकही तेथेच यंत्र बंद करून उठलेले दिसतात. अन्यथा दीड पानाच्या लेखात केवळ शब्दांचे अर्थ सांगून ते थांबले नसते.

जाता जाता आणखी एक. ‘१९६७ मधील पिंक फ्लॉइड’ या ओळीखाली छापलेल्या छायाचित्रात गिटारवादक डेव्हिड गिलमोर उभे आहेत. ते बँडबरोबर मंचावर वाजवू लागले, तेव्हा १९६८ उजाडले होते. पुढील रविवारी दुरुस्ती छापावी आणि ती शब्दकोड्याखालच्या बारीक टंकात नसावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर