ब्युटाइल म्हणून विकलेल्या आणि उन्हात गळालेल्या डॅम्पिंग शीटबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: साउंड डॅम्पिंग शीटची दोन खोकी, पैसे परत मिळणे व नुकसानभरपाईबाबत

महोदय,

डिसेंबरमध्ये मी माझ्या गाडीसाठी तुमच्या वेबसाइटवरून डॅम्पिंग शीटची (पत्र्याची थरथर शोषायला आतून चिकटवायची फॉइलची शीट) दोन खोकी मागवली. एका खोक्यात दहा शीट्स, खोक्याला 5,800 रुपये, एकूण 11,600. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय: शुद्ध ब्युटाइल रबर, जाडी 2 मिमी, 80 अंश सेल्सिअसपर्यंत टिकाऊ. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी याच शीटमधून गळालेला काळा थेंब माझ्या नातीच्या पिवळ्या फ्रॉकवर पडला. त्यावर मी ईमेल केला, तर तुमच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं: पत्रा नीट साफ न करता शीट लावली असावी, आणि अति उष्ण भागात माल थोडा मऊ पडणं नैसर्गिक आहे. पहिली ओळ खोटी आहे. दुसरी ओळ तुमच्याच खोक्यावरच्या 80 अंशांना खोटं पाडते. म्हणून आता कागदावर लिहितो.

गाडी प्रीमियर पद्मिनी आहे, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगवर. आमच्याकडे तिला अजून फियाटच म्हणतात. वडिलांनी घेतलेली, मी जपलेली. पत्रा जाड असला तरी खालून-वरून उघडाच, त्यामुळे साठच्या पुढे गेलं की छत आणि दारं घुमतात आणि मागे बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. मी भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये चौतीस वर्षं काढली आहेत, आवाजाची सवय आहे. पण सौ.ला नाही, म्हणून हा उद्योग.

काम माझं मीच केलं, घाई न करता, आठ दिवस. सीटा काढल्या, मॅट काढली. खालचा जुना नमदा पाणी पिऊन कुजला होता, त्याच्याखाली गंज. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, रेड ऑक्साइड मारून दोन दिवस वाळवला. शीट लावण्याआधी प्रत्येक पत्रा थिनरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. प्रत्येक शीट रोलरने इतकी दाबली की फॉइलवरची नक्षी सपाट झाली. पत्र्याची थरथर मोडायला सगळा पत्रा झाकावा लागत नाही, हे मला माहीत आहे; छताचा साधारण निम्मा भाग मधोमध झाकला, दारांच्या तळाची पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवली. हे सगळं सांगतो, कारण तुमच्या उत्तरात मला अडाणी ठरवलंय.

आणि खरं सांगायचं तर मार्चपर्यंत माल चांगला होता. आधी छतावर टिचकी मारली की तेलाच्या रिकाम्या डब्यासारखं टण्ण वाजायचं, नंतर पुठ्ठ्यावर मारल्यासारखं ठक. मागच्या शाफ्टची घरघर आणि टायरचा आवाज येतच होता, पण त्याबद्दल तक्रार नाही. ही शीट पत्र्याची थरथर शोषते. हवेतून येणारा आवाज अडवायला वेगळा जड थर लागतो, एवढं मी वाचलेलं आहे.

मग ऊन आलं. एप्रिल-मेमध्ये भुसावळला पारा 45 वर गेला तर इथे कुणी मान वर करून बघत नाही. लेकीला आखाजीसाठी माहेरी आणायला आम्ही अमळनेरला गेलो. गाडी अकरा ते तीन त्यांच्या दारात उन्हात उभी. जावईबापूंनी दार उघडलं आणि आत डांबराचा असा भपकारा, जणू रस्त्याचं काम चाललंय. छताच्या क्रीम रंगाच्या रेग्झिनला मधोमध पोट सुटलेलं, त्यावर रुपयाएवढे काळे डाग उमटलेले. जावईबापू म्हणाले, "मामा, गाडी रडी ऱ्हायनी का?" मला हसू आलं नाही. परतताना पाळधीला चहाला थांबलो, तिथे तो थेंब पडला. फ्रॉक रॉकेलने घासून पाहिला. डाग पसरला, गेला नाही.

घरी येऊन कुशनवाल्याला बोलावून छत उतरवलं. इथे तुमच्या पहिल्या ओळीचं उत्तर आहे, कृपया नीट वाचा. पत्रा अस्वच्छ असता तर शीट पत्र्यापासून सुटली असती आणि वर कोरडा रंग दिसला असता. तसं झालेलं नाही. पत्र्यावर सगळीकडे काळा थर घट्ट चिकटलेला आहे आणि फॉइल उरलेला थर घेऊन खाली लोंबतंय. म्हणजे चिकटणं नाही फसलं, मालच मधून फाटला. फोटो सोबत आहेत, दोन्ही बाजूंचे.

माल ब्युटाइल नाही, डांबर आहे, हेही घरच्या घरी पाहिलं. उरलेल्या शीटचा एक तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला (यावर घरात वेगळी तक्रार झाली, ती इथे लिहीत नाही). सकाळी वाकवला तर गुळाच्या चिक्कीसारखा तडकला. ब्युटाइल थंडीतही वाकतं, ओढलं तर तारा सुटतात, डांबर तुटतं. दुसरा तुकडा गच्चीवर पत्र्याच्या तुकड्याला चिकटवून पत्रा तिरका उभा केला, सौ.च्या बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत होत्या त्यांच्या शेजारी. दुपारी दोनला तो चार बोटं खाली घसरला होता. बिबड्या कडक वाळल्या, तुमचा माल पातळ झाला. शेडमधल्या मित्राकडून बेअरिंगचं तापमान बघायची गन आणली होती. पत्रा 71 अंश होता. म्हणजे तुमच्या 80 पेक्षा नऊ अंश कमीच. जाडीही व्हर्नियरने मोजली, फॉइल धरून 1.6 मिमी भरली. एवढ्यावर भांडलो नसतो.

गाड्यांत कारखान्यातूनच डांबराचे पट्टे असतात, असं तुमच्या फोनवरच्या मुलीने सांगितलं. असतात, पण तळाला. तळाचा पट्टा मऊ पडला तरी जागेवर बसून राहतो. छताला उलटा लावलेला पट्टा मऊ पडला की माणसाच्या डोक्यावर येतो. आणि मुद्दा डांबर वाईट की चांगलं हा नाहीच. डांबर म्हणून विकलं असतं तर मी तळाला लावलं असतं आणि पैसेही निम्मे मोजले असते.

माझी मागणी अशी: मालाचे 11,600, नवीन रेग्झिनचे व कुशनवाल्याच्या मजुरीचे 4,500 आणि छताचा पत्रा खरवडून साफ करण्याचे 2,500, एकूण 18,600 रुपये हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत मिळावेत. फ्रॉकचे पैसे मागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही लागत नाही. जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग मला लांब नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून झालेला आहे.

काढलेल्या शीट्स आणि न वापरलेल्या तीन शीट्स मी पत्र्याच्या पेटीत, सावलीत ठेवल्या आहेत. तपासायला हव्या असतील तर कुरिअरवाला पाठवा, पण सकाळी नऊच्या आत. त्यानंतर त्या पेटीतून सुट्या निघत नाहीत.

आपला ग्राहक,
(सही)
भुसावळ, जि. जळगाव

सोबत: बिलाची प्रत, खोक्यावरच्या लेबलचा फोटो, छताचे सहा फोटो, कुशनवाल्याची पावती, तुमच्या ईमेलची प्रत.