आप्पा, ती रेकॉर्ड मुळातच खरखरते

आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र सूनबाई तुम्हांला मोबाईलवर वाचून दाखवतील. मध्येच "बरं, पुरे" म्हणून उठू नका, एवढंच मागणं. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय आंब्याच्या मोहरावर नाहीतर बाजारातल्या गटारावर नेता, म्हणून चारचौघांत लिहितोय. शिवाय रेकॉर्डी जमवणारी मंडळी मला अजून विचारतात की चिपळूणच्या पुरात गेलेला साठा परत उभा कसा केलास. मी केला नाही. तुम्ही केलात.

वाचणाऱ्यांना थोडी ओळख करून देतो. मी गुहागरचा, धंदा साउंडचा. हळद, वरात, वाढदिवस, अंडरआर्म क्रिकेटचे सामने. आमच्याकडे मला डीजे म्हणतात ते या धंद्यामुळे. आणि आप्पा, तुम्ही चिपळूणला टीव्ही, ॲम्प्लिफायर दुरुस्त करता. जीव मात्र अडकलाय मिनिमल टेक्नोत, म्हणजे यंत्रांवर केलेल्या, अगदी मोजक्या आवाजांच्या नाचाच्या संगीतात, आणि तेही रेकॉर्डवरच्या.

हे काय प्रकरण आहे, ते हळदीच्या मांडवात मला आजवर कुणाला पटवता आलेलं नाही. एक किक (ढोलासारखा ठोका), एक हायहॅट (झांजेसारखा चिक् आवाज), दोन-तीन सुरांचा एखादा तुकडा, आणि तेवढ्यावर सात-आठ मिनिटं. गायक नाही, कडवं नाही. डेट्रॉइटच्या रॉबर्ट हूडने १९९४ साली 'मिनिमल नेशन' काढली, तेव्हा टेक्नोचा वेग आणि गोंगाट दोन्ही वाढत चालले होते. त्याने उलट एकेक थर काढून टाकला आणि उरलेल्या सांगाड्यावर लोक नाचवले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये मॉरित्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क अर्नेस्टस ही जोडी 'बेसिक चॅनेल' नावाने बारा इंची रेकॉर्डी काढत होती. त्यांत एकच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजलेले दोन-तीन सूर, घोळत राहते. फक्त फिल्टर (आवाज गाळणारं यंत्र) आणि एको हळूहळू सरकत असतात. असलं काही मी मांडवात लावलं, की नवऱ्याचा मामा येऊन विचारतो, "गाणं कधी लागणार?"

माझा चुलतभाऊ जहाजावर आहे. हॅम्बुर्ग, रॉटरडॅमला उतरायला मिळालं की माझी यादी घेऊन दुकानं धुंडाळतो. काही रेकॉर्डी गोव्याच्या, सीझन संपवून परत निघालेल्या गोऱ्यांकडून घेतलेल्या. किनाऱ्यावर हा शौक म्हणजे कटकट आहे. खारा वारा जोडणीच्या पिनांवर हिरवं पुट चढवतो आणि मृग लागला की कव्हरांना बुरशी धरते. म्हणून सगळा साठा मी चिपळूणला, साउंडच्या गोडाऊनमध्ये नेऊन ठेवला होता. बाजाराला लागून, तळमजला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराने काय केलं ते चिपळूणकरांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. पाणी उतरल्यावर जो तो आपापलं दुकान उपसत होता. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं २००५ नंतर पुन्हा एकदा चिखलात गेली होती. तुमच्या दुकानात दुरुस्तीला आलेले टीव्ही, ॲम्प्लिफायर, मिक्सर एकावर एक पडलेले, आणि गिऱ्हाइकांना काय उत्तर द्यायचं हा घोर. तशात मी दारात येऊन उभा राहिलो. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "तबकड्या ओल्या आहेत की सुकल्या?"

ओल्या, म्हटलं.

"मग ओल्याच ठेव. चिखल सुकला तर खोबणीत त्याचं सिमेंट होईल."

सगळा बाजार सामान वाळवत होता आणि आम्ही रेकॉर्डी पिंपात बुडवत होतो. येणारे-जाणारे थांबून बघायचे. पण तुमचं म्हणणं साधं होतं. पुस्तकाचा लगदा होतो. रेकॉर्ड पीव्हीसीची, पाण्याने तिचं काही जात नाही. जातं ते गाळाने. बारीक रेती खोबणीत असताना सुई फिरली की तो ओरखडा कायमचा.

आता पाणी कुठून आणायचं? प्यायला टँकर, तिथे रेकॉर्डी धुवायला कोण देतो. तुमचं घर चढावर, ते वाचलेलं. तुम्ही पागोळ्यांखाली घंगाळं, बादल्या, काकूंचं पिठाचं पिंपसुद्धा लावलंत. पावसाचं पाणी, क्षार नाहीत. पहिलं बुडवणं त्यात. दुसऱ्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश, तोही खोबणीच्या वळणाने फिरवायचा, आडवा नाही. शेवटचं पाणी बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड, ओळखीच्या इन्व्हर्टरवाल्याकडून उधारीवर आणलेलं. मग निथळायला काकूंच्या ताटाळ्यात उभ्या. जेवणाची ताटं जमिनीवर रचलेली आणि ताटाळ्यात डेट्रॉइट-बर्लिन. काकूंनी एका शब्दाने तक्रार केली नाही, म्हणून त्यांचेही आभार इथेच मानतो. त्यांच्या वाट्याचं वेगळं पत्र लिहायला हवं खरं तर.

कव्हरं गेलीच, बरीचशी लेबलंही हातात सुटून आली. कोणती रेकॉर्ड कोणती, कळेना. लेबलाभोवती जी मोकळी पट्टी असते तिच्यावर बारीक अक्षरात नंबर कोरलेला असतो. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून तुम्ही एकेक नंबर वाचायचात, मी वहीत उतरवायचो, आणि रात्री मोबाईलला रेंज आली की नावं शोधायचो. बेसिक चॅनेलच्या लेबलांचं दुःख करण्यात अर्थ नव्हता. ती नवी असतानाही धड वाचता यायची नाहीत, मुद्दाम तशी छापलेली.

मग टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवायचं यंत्र. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२, दोन होत्या. एकीला तारायला दुसरी उकललीत. कंपनीने हे मॉडेल १९७९ साली आणलं. २०१० मध्ये ही सगळी मालिकाच बंद केली आणि लोकांनी फारच धरून ठेवलं म्हणून २०१६ ला नव्याने सुरू केली. जुन्याचे सुटे भाग मिळता मिळत नाहीत. तुम्हांला त्याचं काही वाटलं नाही. या यंत्राला बेल्ट नसतो. ताटाच्या पोटात चुंबक, खाली कॉइल, म्हणजे ताट हाच मोटरचा फिरता भाग. ते उचलून बघितल्यावर तुमच्या चेहऱ्यावर पुरानंतर पहिल्यांदा हसू आलं. "यात बिघडायला आहेच काय?" बोर्ड धुतलात, आयपीएने (स्पिरिटासारखं अल्कोहोल) पुसलात, सुजलेले कपॅसिटर बदललेत, वेग कमी-जास्त करायचा पिच स्लायडर दुसऱ्या मशिनचा बसवलात.

वेग बरोबर आहे का बघायला ताटाच्या कडेला ठिपके असतात. लाल दिव्यात ते जागीच स्थिर दिसले की झालं. पण तो दिवाही पुरातूनच निघालेला, त्याच्यावर तुमचा भरवसा नव्हता. कागदाचा कपटा कडेला चिकटवलात आणि घड्याळ घेऊन बसलात. मिनिटाला ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. शंभर भरल्यावरच तुम्ही सुई ठेवू दिलीत.

तो हिशोब ऐकून मी तुम्हांला जेफ मिल्सची 'सायकल ३०' दाखवली, १९९४ चीच. तिच्या एका बाजूला बंद खोबण्या आहेत. सुई पुढे सरकतच नाही, त्याच वर्तुळात फिरत राहते. एक फेरा १.८ सेकंदांचा; त्यात चार ठोके बसवले की लय मिनिटाला १३३ च्या किंचित वर येते. बरंचसं टेक्नो साधारण त्याच वेगाचं. तुम्ही बिलाच्या पाठीवर भागाकार करून पाहिलात, बरोबर आला, आणि म्हणालात, "म्हणजे ताल मशिननेच ठरवलान." इतकी वर्षं या नादात आहे, हे कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

आता ती खरखर. पोल या नावाने वाजवणाऱ्या श्टेफान बेटकेची १९९८ ची पहिली रेकॉर्ड, तिचं नावच '१'. ती तुम्ही पहिल्यांदा धुतलीत, लावलीत, कान दिलात, उतरवलीत. पुन्हा धुतलीत. पुन्हा खरखर. तिसऱ्यांदा बॅटरीचं पाणी ओतायला लागलात तेव्हा मी मध्ये पडलो. बेटकेकडे वाल्डॉर्फ कंपनीचा एक फिल्टर होता, नाव '४-पोल'. १९९६ मध्ये तो पडला आणि बिघडला, त्यातून चरचर, टकटक असे आवाज यायला लागले. त्याने तो दुरुस्तीला टाकला नाही. ते आवाजच घेऊन, खाली डबचा (जमैकाचं, एकोने भरलेलं संगीत) बेस ठेवून संगीत केलं, आणि स्वतःचं नावही फिल्टरचंच घेतलं. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "त्याला मेकॅनिक चांगला भेटला नसेल." आणि तरीही ती पूर्ण बाजू बसून ऐकलीत. त्यातली कोणती टकटक फिल्टरची आणि कोणती आपल्या वाशिष्ठीची, हे वेगवेगळं काढून दाखवलंत. दोन जागा निघाल्या. त्या तेवढ्या पुन्हा धुतल्यात.

मशिन वाचलं, रेकॉर्डी वाचल्या, ते सगळ्यांना दिसतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे ऐकणं. मिनिमल ऐकायला आवड लागते असं मी समजत होतो. तुम्हांला आवड काडीची नव्हती, नाट्यगीताच्या पलीकडे तुम्ही जात नाही. पण आयुष्य गेलं हम (घूं असा आवाज) कुठून येतोय, कुठला ट्रान्झिस्टर कुरकुरतोय ते कानाने पकडण्यात. त्यामुळे 'मिनिमल नेशन' वाजत असताना एक हायहॅट अर्ध्या आवाजात आत शिरली तेव्हा तुमची भुवई उडाली. "मागे काहीतरी चालू झालंन." माझ्या ओळखीचे दोन डीजे ती जागा ऐकूनही सांगू शकत नाहीत. रेकॉर्ड करणाऱ्यांना असाच श्रोता हवा असणार, असं मला तेव्हापासून वाटतं.

एक गोष्ट तेव्हा गडबडीत अर्धवट सांगितली होती, ती पुरी करतो. तुम्ही तरुणपणी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला उमेदवारी केलीत, म्हणून. मुंबईचे चरणजित सिंग, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून रेकॉर्ड काढली. ऐकलं तर शिकागोचं ॲसिड हाऊस, म्हणजे तिथलं यंत्रांवरचं नाचाचं संगीत वाटतं, आणि त्या प्रकाराची पहिली मोठी रेकॉर्ड, फ्यूचरची 'ॲसिड ट्रॅक्स', आली पाच वर्षांनी, १९८७ ला. तुमचा प्रश्न होता, "खपली का?" नाही खपली, आप्पा. २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळलं. म्हातारपणी त्यांनी युरोपात कार्यक्रम केले. २०१५ ला गेले.

पैशाचं काढलं की तुम्ही म्हणता कपॅसिटरचे दे. ते दिले. मजुरीचं तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे, म्हणून या हंगामातली पहिली पायरीची पेटी काकूंच्या नावाने पाठवतोय. ती परत करायची असेल तर काकूंशी बोला.

आणि शिमग्याला पालखी झाली की मी मशिन घेऊन येतो. डाव्या बाजूचा आवाज मधूनच जातो आहे. हेडशेलच्या (सुई बसते तो दांडीच्या टोकाचा भाग) तारा असाव्यात असा माझा अंदाज. मी कुठेही हात लावलेला नाही.

तुमचा,
गुहागरचा डीजे