इंदूरच्या सरवटे बस स्टँडवरच्या ऑटोवाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. तुम्ही वाचवलेल्या मुलाचंही लिहीत नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. पण आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचा तो मुलगा. वय बारा, वडील नाहीत. घरी बोलणी बसली आणि बुऱ्हाणपूरला मामाकडे जातो म्हणून निघाला. ताई आणि मी पोलीस ठाण्यात तक्रार लिहून देत होतो, (हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितलंय), तेव्हा तो स्टँडवर एका परक्या माणसाने घेऊन दिलेली कचोरी खात होता. ढाब्यावर काम, दोन वेळचं जेवण, वर पैसे, असं त्या माणसाने कबूल केलं होतं.

तिथून जाणाऱ्या कितीतरी लोकांनी ते पाहिलं असेल. खटकलं तुम्हाला. शाळेची पँट, पण दप्तर नाही, पिशवी नाही, आणि पोरगं मान वर करायला तयार नाही. तुम्ही जवळ जाऊन विचारलंत, "कोण हा तुमचा?" तो म्हणाला, "भाचा." "मग आईचं नाव काय याच्या?" मामा म्हणवणाऱ्याला बहिणीचं नाव सांगता येईना. तुम्ही आवाज चढवलात, चार ऑटोवाले गोळा झाले आणि तो गर्दीत पसार झाला.

पण खरं मोल मला त्यानंतरच्या वागण्याचं वाटतं. पोराला ऑटोत बसवून तुम्ही कुठे नेलं नाहीत. चहाच्या टपरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसवलंत, मीटरशेजारी स्केचपेनने लिहून ठेवलेला मुलांच्या मदतीचा नंबर, १०९८, लावलात आणि माणसं येईपर्यंत हलला नाहीत. त्याला एकही प्रश्न विचारला नाहीत. ऐन धंद्याच्या वेळी आलेली भाडी सोडलीत. पोलिसांचं लचांड नको म्हणून भले भले काढता पाय घेतात. तुम्ही जबाब द्यायलाही थांबलात.

नियमाप्रमाणे २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे नेलं. चौकशी झाली, कागद झाले आणि ताईंच्या ताब्यात मुलगा मिळाला. तिथे तुम्ही ताईंशी मराठीत बोललात, तेव्हा कुठे त्या रडल्या. तोवर नुसत्या बसून होत्या.

आता तो शाळेत जातोय. मिशन वात्सल्य योजनेत वडिलांचा आधार नसलेल्या अशा मुलांना महिना ४,००० रुपये मिळू शकतात, त्यासाठी अर्ज केलाय. ढाब्यावर गेला असता तर त्याला शोधायचं कुठे, हा विचार अजूनही मनातून जात नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे खरा, पण हायवेवरच्या भटारखान्यात डोकावतो कोण? तुम्ही त्याला तिथवर जाऊच दिलं नाहीत. ताईंचं घर तुमच्यामुळे उभं आहे, काका.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. निदान जेवायला या, ताई पुरणपोळ्या करणार आहेत. आणि १०९८ चे स्टिकर छापून घेतलेत, रविवारी घेऊन येते. स्टँडवरच्या कोणकोणत्या ऑटोंना लावायचे, ते तुम्हीच सांगा.

तुमची,
रामबागेतली एक बहीण