हाड मोडण्याआधी घरी या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या लोकांचा जो सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्राथमिक तपासणी करणारी प्रश्नावली) भरतात, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्यातला एक असा : उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? हा प्रश्न फॉर्ममध्ये घालणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. आजी म्हणाल्या, "हो बाई, जातो." आशाताईंनी खूण केली. त्या खुणेनंतर आजी पडू नयेत म्हणून पुढे काय व्हायला हवं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नागपूरच्या मानेवाडा, सक्करदरा, नंदनवन या भागांत घरी जाऊन उपचार करते. मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर. बोलता बोलता कळतं की हे पडणं पहिलं नव्हतं. आधी दोन-तीनदा तोल गेला होता, भिंत धरून सावरलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. "आता वय झालं" एवढ्यावर विषय संपला होता.

पण नुसत्या वयाने कोणी पडत नाही. आपल्या नागपूरचा उन्हाळा घ्या. पारा 45 ला टेकतो, घरोघरी कूलर लागतात. पाइपने टाकी भरताना पाणी सांडतं, खाली गळत राहतं आणि गुळगुळीत टाइल्सवर ते पाणी दिसतच नाही. त्याच दिवसांत आजोबांच्या अंगातलं पाणी घामाने कमी झालेलं असतं, बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी मात्र हिवाळ्यात होती तेवढीच चालू असते. रात्री लघवीला उठतात, उठताक्षणी बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पाय नेमका त्या ओल्या फरशीवर पडतो. न्हाणीत धरायला असतो तो टॉवेलचा दांडा. तो माणसाचं वजन पेलत नाही. भिंतीतून उपटून आलेला दांडा हातात धरून पडलेल्या बाईंवर मी उपचार केले आहेत.

यातली एकेक गोष्ट आधी पकडता येते. शिबिरांत बीपी बसवून मोजतात. आडवं झोपवून एकदा मोजावं, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावं. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर गोळ्यांचा फेरविचार डॉक्टरांनी करायलाच हवा. झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही बघायला हवी. मोतीबिंदू पिकलेला असेल तर त्याचं ऑपरेशन लांबवू नये. तोल तपासायला यंत्र लागत नाही : खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. खुर्ची, खडू आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढ्यावर काम होतं.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहते ते मात्र धसक्याने झालेलं. पहिल्यांदा पडल्यावर हाड मोडलं नाही, तरी भीती बसते. देऊळ सुटतं, शेजारच्या ओट्यावरचं बसणं सुटतं. (सिमेंटचे रस्ते उंच होत गेल्याने कित्येक घरांची फाटकं खाली गेली आहेत, त्या वेड्यावाकड्या पायऱ्या चढायचं धाडस म्हाताऱ्या माणसाने करायचं तरी कसं?) मुलं मायेपोटी म्हणतात, "आई, तू उठू नको, मी आणून देतो." या वाक्याची मला खरंच भीती वाटते. मांडीचे जे स्नायू खुर्चीतून उठवतात, ते वापरले नाहीत की झिजतात. सहा महिने बसून काढलेली आई पुढच्या वेळी उठते तेव्हा पाय साथ देत नाहीत, आणि तेव्हा हाड मोडतं. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो, असं देशोदेशीचे अभ्यास सांगतात.

आणि व्यायामाने फरक पडतो, हे सिद्ध झालेलं आहे. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात 25 देशांतल्या 108 चाचण्या तपासल्या होत्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी घटलं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने तयार केलेला पायांच्या ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम तिथे शिकलेल्या नर्सनीही घरी जाऊन करून घेतला आणि त्याचा उपयोग झाला. कट्टा धरून टाचा उचलायच्या, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, पावलापुढे पाऊल ठेवून चालायचं. आपल्या एएनएमना (आरोग्य केंद्रांच्या परिचारिकांना) आणि आशाताईंना हे शिकवता येणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दर वर्षी 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हेच कारण येतं. तरी आपल्या योजना मोडलेल्या हाडापाशी सुरू होतात. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ही मोठी सोय आहे आणि माझ्या रुग्णांना तिचा आधार झाला आहे. पण न्हाणीत काही शे रुपयांचा स्टीलचा दांडा बसवून द्यायला कोणी येत नाही. ज्येष्ठांसाठीच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 3000 रुपये मिळतात, त्यातून काठी येते. ती मनगटाच्या रेषेपर्यंत हवी, हे सांगणारं कोणी नसतं. छातीपर्यंत उंच, खालचं रबर झिजलेली काठी आधार देत नाही, उलट पाडते.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. फॉर्ममध्ये "गेल्या वर्षभरात पडलात का?" हा एक प्रश्न वाढवा. या किंवा तोल जाण्याच्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्याच्या घरी पंधरा दिवसांत कोणीतरी जावं : वर सांगितलेली चाल बघावी, उभ्याने बीपी मोजावं, न्हाणी आणि काठी बघावी, व्यायाम शिकवून यावं. एकदा शिकवून भागत नाही, महिन्याने पुन्हा जावं लागतं. माणसं कुठून आणायची, असं खातं विचारेल. नागपुरात फिजिओथेरपीचं शिक्षण शासकीय मेडिकल कॉलेजमध्येही होतं आणि खासगी कॉलेजांतही. त्यांचे इंटर्न (शिकाऊ फिजिओथेरपिस्ट) आठवड्यातून एक दिवस नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रावर आठवड्याला वृद्धांसाठी ओपीडी ठरलेलीच आहे, तिथेच हे जोडता येईल.

ही केंद्रं महापालिकेची आहेत, हे मला ठाऊक आहे. पण नागरी आरोग्य अभियानाचा निधी आपल्या खात्यातून येतो, आणि आपण सांगितलंत तर महापालिका ऐकेल. हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला येताच. त्या मुक्कामात महापालिका आयुक्तांना बोलावून नेहरूनगर आणि हनुमाननगर या दोन झोनपासून सुरुवात करायला सांगा. मार्चपर्यंत इंटर्न केंद्रांवर रुजू झाले, तर कूलर लागण्याआधी पहिली फेरी पूर्ण होईल. शिकवण्याच्या कामाला मी स्वतः बिनमोबदला यायला तयार आहे.

आपली,
घरोघरी जाऊन उपचार करणारी एक फिजिओथेरपिस्ट
मानेवाडा, नागपूर