काटकसर ताटात करू नकोस

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
वैशाख

प्रिय बबी,

तुझं पत्र मिळालं. भाऊजींची कंपनी बंद पडली आणि तुम्ही पुण्याचं बिऱ्हाड मोडून कारंज्याकडे, सासरच्या वावरावर राहायला येताय, हे वाचून काळजी वाटली. तू आता दोन तासांच्या वाटेवर असशील म्हणून आनंदही झाला. तू विचारलंस, "महिन्याचा पगार नाही, घरात पाच खाणारी माणसं, माई, घर चालवायचं कसं?" इतकी वर्षं मी तेच करत आलेय. म्हणून जे खरोखर उपयोगी पडलं तेवढं सांगते. पत्र लांबेल, निवांत वेळ काढून वाच.

सगळ्यात आधी एक गोष्ट. काटकसर ताटात करू नकोस. दुकानात कर, लग्नकार्यात कर, कपड्यालत्त्यात कर, पण ताटात नको. आणि ताट म्हणजे तुझंही ताट. आपल्याकडे घर अडचणीत आलं की पहिली भाकर कमी होते ती घरातल्या बाईची. सगळ्यांना वाढून टोपल्यात अर्धी उरली तर ती अर्धी, वरण खरवडून निघालं तर तेवढं, नाहीतर चटणी आणि वर तांब्याभर पाणी. याला बचत म्हणणारी माणसं मी पाहिलीत आणि मला त्यांचा राग येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. वावरातही राबायचं, घरातही राबायचं आणि जेवायचं उरलंसुरलं, मग दुसरं काय होणार? आमच्याकडे सगळे एका पंगतीत बसतो. भांडी मधे ठेवतो, ज्याचं त्यानं घ्यायचं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, सुरुवातीला ते रुचलं नाही. आता त्याच मला हाक मारतात, ये वं, बस आधी.

आता पैशाचं. पगाराच्या घरात पैसा महिन्याला येतो, इथे तो वर्षातून दोन-तीनदा येतो. सोयाबीन विकलं की दिवाळीच्या तोंडाशी थोडा, मग कापसाचा, मग जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचा. मृगापासून दिवाळीपर्यंत नुसतं जाणं असतं: बियाणं, खत, फवारणी, मजुरी, पोरांच्या वह्या-पुस्तकं. याच महिन्यांत घरातली कोठी रिकामी असली की माणूस दुकानाच्या उधारीच्या वहीत शिरतो. उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारायची सोय नसते, डाळ किडकी आहे म्हणायचीही नसते. पिकाचा पैसा आला की अर्धा त्या वहीत जातो आणि पुढच्या मृगाला पुन्हा तेच. आमच्या घरी हे चक्र थांबलं ते वर्षाची बेगमी आधी भरायला लागल्यापासून. पीक विकल्याच्या पैशातून सगळ्यात आधी कोठी भरायची, बाकी सगळं त्यानंतर.

हिशेब अगदी साधा आहे. पाच माणसांना दोन वेळच्या भाकरीला रोज साधारण किलोभर पीठ लागतं, म्हणजे वर्षाला साडेतीन ते चार क्विंटल जवार. वरणाला रोज पाव किलोच्या आत डाळ धरली तर वर्षाला सत्तर-पंच्याहत्तर किलो, म्हणजे क्विंटलभर तूर. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, त्यावर नाही. तिखट, हळद, मीठ, गूळ एकदाच भरायचं. हळद आम्ही समुद्रपूरकडची वायगावची घेतो. रंगाला ती तेज असते, थोडी टाकली तरी पुरते.

तू म्हणशील, चार क्विंटल जवार विकत घ्यायला पैसा कुठून आणू? विकत घेऊच नकोस. भाऊजींना सांग, सगळ्या वावरात सोयाबीन आणि कापूस पेरू नका. आपल्या आयांच्या वेळी जवार विकत आणणं हे कमीपणाचं वाटायचं, आठवतं ना? नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं, जवार वावरातून गेली आणि तिच्यामागे कडबाही गेला. आता शेतकऱ्याच्याच घरी पीठ थैलीतून येतं. मला हे फार लागतं. अर्धा एकर जवार पेरली तर घरचं वर्षाचं भागतं आणि गाय-बकरीला कडबा मिळतो. पाखरं आणि रानडुकरं त्रास देतात हे खरं, त्यासाठीच लोकांनी जवार सोडली. म्हणून ती घराजवळच्या तुकड्यात पेरा, जिथे दिवसा कोणाचं तरी लक्ष असतं. कापसात तुरीची तासं टाका. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी, बरबटी (तुमची चवळी), वाल आणि थोडे तीळ. या पिकांना बाजारात मोठा भाव नाही, पण बाजारातून आणायला गेलीस की कळेल त्यांना किती पैसे मोजावे लागतात.

तूर निघाली की सगळी विकू नका, क्विंटल-दीड क्विंटल ठेवा. घरी डाळ करायची तर रात्रभर भिजवा, लाल माती चोळा, उन्हात वाळवा आणि मग जात्यावर भरडा, इतका खटाटोप होता. आता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दालमिल खूप गावांत बचत गटाकडे असते. आपली तूर द्यायची, भरडाईचे पैसे द्यायचे आणि आपलीच डाळ घेऊन यायची. चुरी आणि टरफल सोडून येऊ नकोस, ते आपलं आहे, बकऱ्या त्यावर तुटून पडतात. डाळीला एरंडीच्या तेलाचा हात लावून ठेवलं तर भुंगा लागत नाही. जवारीला कडक ऊन दाखवून मधेमधे कडुनिंबाचा वाळला पाला घालायचा. दळण मात्र आठवड्याचंच न्यायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकर तव्यावर टाकण्याआधीच तडकते.

रेशन कार्डाचं काम आल्या आल्या करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला घरटी ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. केशरी कार्ड असलं तरी सोडू नका. आपले अमरावती विभागातले जिल्हे, वर्धा आणि मराठवाडा धरून १४ जिल्ह्यांत अशा शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी रोख रक्कम खात्यात येते, आधी माणशी महिन्याला १५० रुपये होती, २०२४ मध्ये १७० केली. धाकटीचं नाव अंगणवाडीत आणि मोठ्याचं सरकारी शाळेत घातलं की दुपारचं जेवण तिथेच मिळतं, शाळेत ते आठवीपर्यंत. यात लाजण्यासारखं काही नाही. हक्काचं आहे, घ्यायचं.

आता स्वयंपाक. इथे मला खूप बोलायचंय.

स्वस्त जेवण म्हणजे पातळ जेवण असं शहरात राहून तुझ्या मनात बसलं असेल तर ते काढून टाक. आपल्या बाया शंभर वर्षांपासून जे रांधत आल्या त्यात पोट भरतं आणि अंगालाही लागतं. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी असतं ते धान्यात, म्हणून भाकरीवर बेसन, भातावर वरण. गोळाभात आठवतो ना? हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घे, त्यात तिखट, मीठ, हळद, थोडा ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट भिजव, हातानं गोळे वळ. भात अर्धा शिजला, पाणी आटत आलं की गोळे वर ठेवून झाकण घाल. त्याच वाफेवर गोळे शिजतात, वेगळी भाजी लागत नाही, गॅस एकदाच. वरून लसूण आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी, जोडीला चिंचेचं सार. रेशनचा तांदूळ असला तरी त्या दिवशी पोरं मागून घेतात.

दुसरी अंबाडी. जवार भरडून चाळली की खाली पीठ पडतं, वर कण्या राहतात. अंबाडीचा पाला उकडून एकदा पिळून घ्यायचा, म्हणजे आंबटपणा बेताचा राहतो. मग तुरीची डाळ आणि मूठभर कण्या शिजवून त्यात पाला घोटायचा. शेंगदाणे टाकलेस तर उत्तम. फोडणी मात्र कंजूषपणा न करता दे, लसूण चांगला ठेचून. ही भाजी पाच जणांना दोन वेळ पुरते आणि दुसऱ्या वेळी जास्त चवदार लागते. आणि पाला? तो धुऱ्यावरचा. नुसत्या कण्या ताकात शिजवून रात्रीच्या जेवणालाही होतात, आत्याबाईंना दात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी मी हमखास करते.

भाजीवर आठवडी बाजारात पैसा घालवायचा तो आलू, कांदा, लसूण आणि हंगामात भेदरं, म्हणजे तुमचे टोमॅटो, स्वस्त झाली की त्यांच्यावर. बाकी वर्ष कसं जातं ते बघ. पहिल्या पावसानंतर तरोट्याचा कोवळा पाला, मागून कुंजर, केना, काटेमाठ, घोळ. मात्र ज्या बांधावर तणनाशक मारलंय तिथली भाजी तोडायची नाही, हे पोरांना बजावून ठेव. हिवाळ्यात वांगी, पोपटीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फांद्या धरतं, तेव्हा दोन्हीकडून फायदा. तो पाला सावलीत वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात भाजीची चिंता मिटते. उन्हाळ्यात चिवळ असते, बेसन पेरून केलेली चिवळ आणि गरम भाकर, याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळत जा, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. न्हाणीचं पाणी परसात काढून तिथे एक शेवगा, एक लिंबू, एक कढीपत्ता लाव. सांभार, म्हणजे तुमची पुण्याची कोथिंबीर, तिथेच पिकव, दहा-वीस रुपयांची जुडी आणून दुसऱ्या दिवशी सडवायची नाही.

आत्ता इथे वाळवणाचे दिवस आहेत. मुंगवड्या घातल्या, सरगुंडे केले, ज्वारीचे पापड झाले. श्रावणात चिखलामुळे बाजाराला जाता येत नाही, त्या दिवसांत मुंगवड्यांचा रस्सा घराला तारून नेतो. मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात किसलेलं कोहळं, लसूण, तिखट, जिरं. कोहळ्यानं वड्या हलक्या होतात आणि डाळ कमी लागते. बाया बाया मिळून केलं की दोन घरांचं एका दिवसात उरकतं.

चुलीचं विचारशील. सिलिंडर आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर, कारण पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या, आपल्याच वावरातल्या. चूल अंगणात ठेव, धूर डोळ्यांत आणि छातीत नको. डाळ तासभर भिजवून कुकरला लावली की गॅस वाचतो.

दुकानात पैसा कुठे गळतो ते तुला पोरांच्या बाबतीत दिसेल. पाच-दहा रुपयांच्या चमकत्या पुड्या. रोज दोन पोरांच्या दोन पुड्या धर आणि वर्षाचा आकडा कर, त्यात तुझं वर्षाचं तेल येईल. नुसतं नाही म्हटल्यानं पोरं ऐकत नाहीत, हातात दुसरं काही द्यावं लागतं. घरात नेहमी फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, जवारीच्या लाह्या, मुरमुऱ्याचा चिवडा भरून ठेव. डबा त्यांच्या हाताला येईल अशा जागी ठेव, विचारायला लावू नकोस.

आणि मोठी गळती म्हणजे कार्यं. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, आयुष्यभर कीर्तनातून सांगत फिरले की कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न करू नका. त्यांच्या फोटोला हार घालणारेच पंधरा दिवसांनी सावकाराकडे जातात. तुमच्याकडे नणंदेच्या मुलीचं लग्न आहे असं लिहिलंस. झेपेल तेवढंच द्या. लोक दोन दिवस बोलतील, वर्षभर खायला मात्र तुमची तुम्हालाच सोय करायची आहे.

भाऊजी हिंमत हरले असतील तर हिशेबाची वही त्यांच्या हाती दे. आमच्याकडे दर शनिवारी जेवणानंतर आम्ही दोघं बसतो, आठवड्याचं लिहितो, पोरांसमोरच. कोणाला दोष द्यायला नाही. काय संपत आलं आणि काय पुरून उरणार, हे दोघांना सारखं माहीत असलं की भांडणं होत नाहीत. एकट्या बाईनं घर चालवायचं आणि पुरुषानं फक्त कर्जाची काळजी वाहायची, असं घर मी जवळून पाहिलंय. तुझं तसं होऊ देणार नाही.

मृग जूनच्या सात-आठ तारखेलाच लागतो, तेव्हा त्याआधी एक दिवस तरी इकडे ये. अंबाडी, बरबटी, वाल, दोडके आणि गावरान भेदरं यांचं बी चिंध्यांत बांधून तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. एक पायली जवारही देते, पेरणीपुरती. हे सगळं माझ्या घरचंच आहे, त्याचे पैसे काढलेस तर बोलणार नाही तुझ्याशी. येताना पुण्याचं काही आणू नकोस. जुन्या सुती साड्या असतील तर तेवढ्या आण, वाळवणाला अंथरायला लागतात.

तुझी,
माई