सुध्यास, ट्रेडमिलच्या पैशांबद्दल

रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

गज्याने पोरीचं धावणं बंद केलं. फोनवर सांगितलं असतं तर तू "अरे यार" म्हणाला असतास आणि विषय तिथेच संपला असता, म्हणून लिहायला बसलो. घरी सगळे ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर हद्दीत.

झालं असं की मी पोलीस भरतीसाठी तयार करतोय त्या चौघी पोरी पहाटे दारव्हा रोडला धावत होत्या. अंधार, वरून धुकं. मागून रेतीचा टिप्पर आला, एकच लाइट चालू, आणि वळणावर एवढा कडेला आला की मागच्या दोघींनी सरळ कपाशीत उड्या टाकल्या. एकीचं ढोपर फुटलं, गज्याच्या धाकटीचा मोबाइल चाकाखाली गेला. हाडबिड कोणाचं मोडलं नाही. पण चहाच्या वेळेपर्यंत गावभर झालं, आणि दुपारच्या आत चारही घरांतून निरोप आले की उद्यापासून पोरी येणार नाहीत. पोट्टे मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच रस्त्यावर धावले. त्यांना कोणी अडवलं नाही. टिप्पर काय पोट्टे पाहून बाजूला होतो?

मी गज्याकडे गेलो तर तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. वर न पाहता म्हणाला, "दिन्या, वर्दी नाई भेटली तरी चालन, मले पोरगी पाह्यजे." यावर काय बोलायचं, तूच सांग. त्याचं चुकत नाही. पण पोरीचंही चुकत नाही ना रे.

त्याच संध्याकाळी तुझा मेसेज आला. नागपूरच्या कोण्या जिममध्ये वापरलेला वक्र ट्रेडमिल विकायला काढलाय, विजेशिवाय चालतो, पैसे मी देतो, व्यायामशाळेत ठेव. मला खरंच भरून आलं. मी तो मेसेज गज्याला वाचून दाखवला. त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, "हे बेस झालं. आता बाहीर जाचं कामच नाई." पाठोपाठ बाकीच्या तिघींच्या घरीही हेच. सरपंचबाई म्हणाल्या, पोरींसाठी चांगली सोय झाली. सगळे खूश, आणि मला त्या रात्री झोप नाही.

सुमीताईचं तुला वेगळं सांगायला नको. धावण्यात ती आपल्या दोघांच्या पुढे निघायची, तूसुद्धा ते कबूल करतोस, सणावाराला का होईना. तिचं मैदान बंद झालं तेव्हाही असंच झालं होतं, रे. कोणी वाईट बोललं नव्हतं. "घरच्या अंगणात खेळ ना, कोण नाही म्हणतं?" एवढंच. तू बाबांच्या बाजूने बोललास आणि मी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोललो नव्हतो. तुझं म्हणणं होतं की ताईच नको म्हणाली. अजूनही तेच म्हणशील. तिला विचारलंच नव्हतं कोणी. हे आज उकरून काढतोय ते भांडायला नाही. हे दुसऱ्या कोणाला लिहिलं तर समजणार नाही, तुला समजेल.

तर मी काय केलं, गज्याची धाकटी, जिचं ढोपर फुटलं ती दुसरी पोरगी, आणि सोबत गज्याची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, असे आम्ही नागपूरला जाऊन ते यंत्र पाहून आलो. पाहून म्हणजे धावून.

तू त्यावर रोज जातो म्हणतोस, तर तुला ठाऊक असेल. (फोटोवरून तर वाटतं तू त्यावर टॉवेल वाळवतोस.) पट्टा सपाट नाही, मधे खोलगट आणि पुढे-मागे उचललेला, रबर लावलेल्या पट्ट्यांचा, बेअरिंगवर फिरणारा. मोटार नाही, बटणं नाहीत. पुढच्या चढावर पाय टाकला की शरीराच्या वजनाने पट्टा मागे जातो, जेवढं पुढे चढशील तेवढा वेग, मागे सरकलं की मंद. पहिल्या पावलाला दोघींनी दांडी गच्च धरली. पण थोड्या वेळात ढोपरवालीला गंमत कळली. ती अंगाने भरलेली, पायात ताकद. तीस सेकंद जोरात, मग हळू, परत जोरात. मोटारवाल्यावर हे असं करता येत नाही, बटण दाबायचं आणि पट्टा वेग घेईपर्यंत वाट पाहायची. इथे पाय म्हणेल तेव्हा वेग. मला हे फार आवडलं. शिवाय लांब टांग टाकून टाचेवर आपटायची खोड तिथे चालतच नाही. पाय अंगाखालीच पडावा लागतो, पावलं आखूड आणि भराभर होतात. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. करताना सरांनी ओरडून ओरडून जे शिकवलं, ते हे यंत्र न बोलता शिकवतं.

आणि वीज लागत नाही, हे आपल्याकडे केवढं मोठं! आपली लाइन तुला आठवते ना? डिम झाली की बल्बची तार तेवढी दिसायची. मोटारवाल्या ट्रेडमिलचं कंट्रोल बोर्ड आपल्या व्होल्टेजमध्ये एक पावसाळा काढणार नाही. याला जाळायला काही नाहीच.

पण सुध्या, आता गज्याच्या धाकटीचं ऐक. ती किती हडकुळी आहे तू पाहिलंयस. जमिनीवर 800 मीटर 3 मिनिटं 5 सेकंदांत काढते. म्हणजे ताशी साडेपंधरा किलोमीटरच्या आसपास. पोलीस भरतीत मुलींना पूर्ण 20 गुण हवे असतील तर 2 मिनिटं 50 सेकंद, म्हणजे ताशी 17. फार अंतर नाही, नीट खाल्लं आणि मेहनत घेतली तर निघतं. या यंत्रावर तिला ताशी 13 सुद्धा टिकवता येईना. धाप, चेहरा लाल, आणि शेवटी उतरून भिंतीला टेकली. "सर, मी एवढी हळू धावतो का?" डोळ्यात पाणी. तिला समजावता समजावता माझी दमछाक झाली की बाई, ही तू नाहीस, हा पट्टा आहे. तो ढकलायची ताकद तुझीच, बेअरिंगचं घर्षणही तूच ओढायचं, आणि ज्याचं वजन कमी त्याला ते जास्त जड जातं. एकाच वेगाला या यंत्रावर मोटारवाल्यापेक्षा प्राणवायू जास्त लागतो, हृदयाचे ठोके जास्त पडतात, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. कंपन्या तर 30 टक्के जास्त कॅलरी जळतात म्हणून जाहिरात करतात. वजन उतरवायला आलेल्या माणसाला ते सुखाचं. पण जिला पावणेतीन-तीन मिनिटांत अख्खं आयुष्य पणाला लावायचंय, तिला पडद्यावरचा आकडा रोज खोटं सांगणार असेल, तर तिचा धीर किती दिवस टिकेल? आणि हा आकडाही एका यंत्राचा दुसऱ्याशी जुळेलच असं नाही.

वेगाची सवय हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. भरतीच्या मैदानावर 400 मीटरच्या दोन फेऱ्या, एकेक 85 सेकंदांची. पहिली 78 मध्ये मारली की दुसरीत पोरगी बसलीच समज. ते 85 अंगात मुरावं लागतं. मोटारवाला निदान ताशी 17 लावला की 17 वरच पळवतो. त्यावर वारा लागत नाही म्हणून चढ 1 टक्का ठेवायचा, हे जोन्स आणि डाउस्ट यांनी 1996 साली प्रयोग करून सांगितलं, ते गणित तरी करता येतं. वक्र यंत्रावर वेग पाय ठरवतो, आणि थकलेला पाय गुपचूप वेग सोडतो, कळतही नाही. वळण नाही, बाजूच्या पोरीचं कोपर नाही, शिट्टी नाही, पायाखाली माती नाही. भरती मातीवर होते.

पोटऱ्यांचं तर विचारू नको. दुसऱ्या दिवशी दोघी पायऱ्या उतरताना कठडा धरत होत्या. रोज लावलं तर टाचेच्या शिरेला दुखणं होईल, हे मी अनुभवाने सांगतो. आठवड्यातून एकदोनदा, तेही थोडा वेळ, त्यापुढे नाही.

अजून एक. वीज लागत नाही हे खरं, पण आपल्या व्यायामशाळेवर टिनपत्रा आहे. रस्त्यावर धावताना अंगावरून वारा जातो, घाम वाळतो. यंत्रावर माणूस एकाच जागी, वारा पंख्याचा. आणि पंख्याला वीज लागते! मे महिन्यात पारा 45 वर गेला की त्या शेडमध्ये सकाळी आठलासुद्धा उभं राहवत नाही. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना पोरं गेली, ते मी विसरलो नाही. तेव्हापासून उन्हाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. आणि लहान पोट्टे! पट्टा मोकळा असतो, कुलपाची सोय नसेल तर येता-जाता कोणीही चढेल आणि तोंडावर पडेल. वजन शे-सव्वाशे किलो, इकडून तिकडे हलवायलाच चारपाच जण हवेत. बिघडलं तर माणूस नागपूरहून यायचा.

पण हे सगळं जमवता येईल, सुध्या. मला भीती यंत्राची नाही. ते आलं की चारही पोरींचं धावणं त्या शेडात जाईल, आणि मग पुढल्या वर्षी "यंत्र तर आहेच" म्हणून पाचव्या पोरीलाही कोणी मैदानावर पाठवणार नाही. टिप्परवाल्याला कोणी विचारणार नाही की रात्री रेती कोणाच्या परवानगीने नेतोस. रस्त्यावर दिवा कोणी मागणार नाही. सगळ्यांचा प्रश्न सुटला, फक्त पोरी आत गेल्या. तुला सांगू, ट्रेडमिलची सुरुवातच तुरुंगातली आहे. 1818 साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांना राबवायला पायऱ्यांचं चाक काढलं, तासन्‌तास चढायचं आणि कुठेच पोचायचं नाही. हे मी गज्याला सांगितलं नाही. त्याला लागलं असतं. तो पोरीला कैद करत नाहीये, घाबरलाय.

येताना एसटीत वहिनी पहिल्यांदा बोलल्या. जाताना पूर्ण रस्ता गप्प होत्या. म्हणाल्या, "भाऊ, म्या त्या मशिनवर तिले पाह्यलं अन् रस्त्यावर बी पाह्यलं. रस्त्यावर ते हासते." मग थोड्या वेळाने, "कोनी मोठं मानूस सोबत असन तर मी पाठवतो. मीच येतो सकायी." सुध्या, सोयाबीन सोंगून आणि कापूस वेचून थकलेली बाई पहाटे पाचला उठून मैदानावर बसायला तयार आहे. आपण काय कारण सांगायचं?

म्हणून माझं म्हणणं ऐक, रागावू नकोस. तुझे पैसे मला हवेत, पण आधी जमिनीसाठी. पाणंद रस्त्याच्या पलीकडची ई-क्लास जमीन, ती सरकारी गायरानाची, आठवते ना, जिथे आपण पाडव्याला शंकरपट, बैलांच्या शर्यती, पाहायला जायचो? ग्रामपंचायतीने ठराव केला तर तिथे 200 मीटरचं गोल आखता येईल. ट्रॅक्टरने मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, दोन सोलर दिवे, आणि रस्त्याकडून कुंपण, म्हणजे गाडीचा संबंधच नको. 800 मीटरला चार फेऱ्या. पोट्टेही तिथेच धावतील, मला तेही रस्त्यावर नकोच आहेत. सरपंचबाईंशी बोललो, त्या नाही म्हणाल्या नाहीत.

उरलेल्या पैशांत ते यंत्र भावात बसलं तर अवश्य घेऊ. पावसाळ्यात ते सोन्याचं आहे. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत बुटाला किलोकिलोचे गोळे चिकटतात, पोरी दोन-दोन आठवडे घरात बसतात, तेव्हा छातीचा दम राखायला याच्यासारखं काही नाही. पाय ताकदीचे होतात, पाऊल सुधारतं. फक्त पडद्यावर मी कागद चिकटवणार, आकडा कोणी पाहायचा नाही. घड्याळ मैदानावर.

तुझी कल्पना मी बाजूला सारतोय असं वाटेल, मला माहीत आहे. तुला लगेच लागतं. आपल्या शकुंतला रेल्वेला धावून मागे टाकलं ही तुझी गोष्ट मी खोडली होती तेव्हाही तू आठवडाभर फुगला होतास. गाडी फाटकाजवळ उभी होती, गार्ड स्वतः उतरून फाटक लावत होता, मी साक्षीला होतो. पण तुझी कल्पना नसती तर नागपूरला गेलो नसतो, आणि वहिनींचं बोलणंही ऐकलं नसतं.

तुझी बदली झाली का? मुलाचं बारावीचं वर्ष, त्याला जास्त बोलू नको. वैदेहीवहिनींची कंबर कशी आहे? नवीन घराचं वास्तू करशील तेव्हा आधी सांग, रिझर्वेशन मिळत नाही.

आता काम सांगतो. गज्याला तू फोन करायचा नाही, तू सुरुवात करशील आणि तो "हो हो" म्हणून ठेवून देईल. सुमीताईला करायला सांग. ती त्याला अजूनही नावाने ओरडू शकते. धाकटीशीही तिला बोलू दे, 85 सेकंदांची फेरी कशी धरायची ते मी सांगतोच आहे, पण तिच्याकडून ऐकलं तर वेगळं. ताई नाही म्हणाली तर जबरदस्ती करू नको, पण या वेळी विचार तरी. गज्या रात्री नऊनंतर घरी असतो, सोमवारी बाजाराच्या दिवशी नाही.

पैसे ठराव झाल्यावर पाठव, आधी नको. ठरावाची प्रत व्हॉट्सअॅपवर टाकतो.

तुझा,
दिन्या